हसाजीचं बंद दार

हसाजीशी ज्याने एकदा हात मिळवला, त्याची बोटं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तरी आपापल्या जागी परत येत नसत. खोटं सांगत नाही, माझी उजवी करंगळी अजून जराशी वाकडी आहे ती त्याच्याच कृपेने. माणूस चणीने एवढासा, छातीची फळी म्हणाल तर शाळेच्या पाटीएवढी. पण पंजा असा, की तालमीतला पहिलवान त्याला लांबूनच रामराम करायचा.

आम्ही दोघं सरकारी नोकर. कागदावर हुद्दा कुष्ठतंत्रज्ञ. गावकऱ्यांच्या भाषेत 'चट्टं बघनारं मास्तर'. जत तालुक्यातली वाडीवस्ती पायाखाली घालायची, माणसाला सदरा काढायला लावायचा, आणि पाठीवर-दंडावर फिकट चट्टा दिसला की त्याला डोळे मिटायला सांगून आधी पिसाने, मग टाचणीने विचारायचं, "लागतंय का?" "न्हाई" असं उत्तर आलं की त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नसे. हसाजीचं कोंबडीचं पीस कायम कानामागे आणि टाचणी कॉलरला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा कुठल्यातरी नाटकातला राजपुत्र तालीम सोडून पळून आलाय.

त्या "न्हाई"नंतर मी वहीत नाव लिहायला वाकायचो, आणि हसाजी पहिलं काम करायचा ते हात धरायचं. तो पंजा त्याने त्यासाठीच कमावला होता. मला म्हणायचा, "बाबूराव, आता आपल्याला कुणी शिवणार नाही, या धास्तीनं हा माणूस अर्धा मेलाय. त्याला एवढ्या जोरात शिवायचं की शेजारच्या घरात आवाज गेला पाहिजे." मग त्याच माणसाकडे पाणी मागायचा. जतमध्ये, जिथे टँकर आला तर बायका हळदीकुंकू घेऊन ड्रायव्हरला ओवाळायच्या, तिथे हा रोग्याच्या हातचा तांब्याभर पाणी भर चौकात उभा राहून प्यायचा. घोट असे मोठमोठे घ्यायचा की बघणाऱ्याचीच तहान भागावी.

नाव हसाजी, त्यामुळे गावांनी त्याला खुशाल शहाण्णव कुळांत घालून टाकलं होतं. एका पाटलाने तर त्याच्या मुलासाठी आपली भाची सुचवली. प्रत्यक्षात हा बेने इस्राएल. अलिबागकडचे शनवारतेली म्हणतात ते. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. तो शनिवारी काम करायचा नाही, त्याबदल्यात रविवारी एकटा भटकायचा. त्यांच्या नियमाने, त्यांच्याच माणसाने कापलेलं नसेल तर मटण खायचा नाही. मेंढरांच्या मुलखात आठ वर्षं काढली त्याने, आणि ती सगळी कांदाभाकरीवर. धनगर त्याच्यासाठी बकरं पाडायचे, आणि ते बकरं मला एकट्याला संपवावं लागायचं. त्याच्या धर्माखातर मी किती सोसलंय, हे एक देवच जाणतो.

एखादा रोगी बरा होऊन वहीतून सुटला की हसाजीच्या घरी मलिदा व्हायचा. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, फळं. एलियाहू नबीच्या नावाने. नबी म्हणजे देवाचा निरोप्या. हन्नावहिनी, त्याची बायको, ताट माझ्यापुढे सरकवत म्हणायच्या, "खा भावजी, गोळ्या सरकारच्या, पायपीट ह्यांची, आणि नाव नबीचं."

पण हसाजीचा जीव अडकला होता तो दुसऱ्याच एका नबीत. एलिशा नावाच्या. त्यांच्या हिब्रू शास्त्रात एक गोष्ट आहे, ती त्याने माझ्यासमोर निदान चारशे वेळा सांगितली असेल. एक सेनापती होता, नामान. मोठा शूर, पण अंगावर कोड, म्हणजे आमच्या वहीतलाच रोग. त्याच्या घरी लढाईत पकडून आणलेली एक परमुलखातली मुलगी कामाला. ती मालकिणीला म्हणाली, आमच्या देशात एक नबी आहे, त्याच्यापुढे धनी गेले तर बरे होतील. झालं, सेनापती घोडे, रथ, सोनं घेऊन नबीच्या दारात. नबी बाहेरच आला नाही. चाकराबरोबर निरोप धाडला, यार्देन नदीत सात बुडक्या मार. सेनापती भडकला. मला वाटलं होतं हा बाहेर येईल, उभा राहील, देवाचं नाव घेईल, दुखऱ्या जागेवरून हात फिरवील! आणि नदीच पाहिजे, तर आमच्या नद्या काय कमी आहेत? तसाच माघारी वळला. तेव्हा त्याच्या बरोबरच्या चाकरांनी त्याला समजावलं, की धनी, अवघड काही सांगितलं असतं तर केलं असतंत ना, मग हे सोपं का नको? तो पाण्यात उतरला आणि बरा झाला.

ही गोष्ट हसाजीचं हत्यार होती. एका वाडीत आम्ही गेलो, तर सगळे म्हणाले, हितं कुनी रोगी न्हाई. हसाजी कडब्याच्या गंजीवर चढून बसला आणि पोराबाळांना नामान सांगू लागला. सेनापती चिडून मागे वळला, इथवर आणून थांबला. बिडी पेटवली. मिनिट गेलं, दोन गेली. आणि गंजीच्या पोटातून आवाज आला, "मग फुडं काय झालं, मास्तर?" आतून एक नाही, तिघं निघाले. मी पाच सांगायचो पूर्वी. आता वय झालं, तिघांवर आलोय.

मात्र हसाजीला स्वतःला त्या गोष्टीत एक काटा बोचत होता. नबी बाहेर का आला नाही? एवढ्या लांबून आलेल्या माणसाला चार पावलं चालून भेटता येत नव्हतं? मुंबईच्या त्यांच्या एका जाणत्या म्हाताऱ्याला त्याने पत्र टाकलं. उत्तर आलं, कोडी माणसापासून लांब राहावं असा नियम होता. सांगलीच्या एका पाद्र्याला विचारलं. ते म्हणाले, सेनापतीचा गर्व उतरवायचा होता. शेवटी जतच्या बाजारात एका कीर्तनकाराला गाठलं. तो म्हणाला, "जेवत असंल." हसाजीला त्यातल्या त्यात हे उत्तर पटलं होतं.

आता त्या दिवसाचं सांगतो. सांगायला नको वाटतं, पण सांगतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. आमच्या वहीतली एक धनगरीण होती, मायव्वा. दंडावरचा चट्टा गोळ्यांनी गेलेला. दुष्काळात ती मेंढरं घेऊन कृष्णाकाठी, कऱ्हाडच्या अलीकडच्या एका गावी गेली आणि तिथेच एका सुभेदाराच्या गोठ्यात कामाला राहिली. निकम सुभेदार. पेन्शनीत आलेला, बारा एकर ऊस, दारात बुलेट, भिंतीवर पदकं. एक दिवस मालकिणीला तिने चुलीपाशी रडताना पाहिलं. सुभेदाराच्या मनगटावर चट्टा आला होता. मायव्वा म्हणाली, "वैनी, आमच्या जतला एक मास्तर हाय. त्यो पैला हात धरतो, मग गोळी देतो. धन्याला तकडं न्या."

पोथीतली ओळ अशी चालत दारात यायची होती, आणि आम्हाला पत्ता नव्हता.

हसाजीच्या लोकांत वर्षातून एकदा उपासाचा मोठा दिवस येतो. त्याला ते दारफळणीचा सण म्हणायचे. आदल्या सांजेपासून पांढरे कपडे घालून घरात बसायचं, दारं लावून घ्यायची, अन्नपाणी नाही, आणि बाहेरच्या माणसाला शिवायचं नाही की त्याच्याशी बोलायचं नाही. मुंबईच्या लोकांनी हे कधीच सोडलं होतं, ते देवळात जमतात. पण जतमध्ये कुठलं आलंय त्यांचं देऊळ? हसाजी आपल्या आज्याने पाळला तसाच पाळायचा. दुसऱ्या दिवशी शिळा सण. मग दार उघडून दानधर्म, भेटीगाठी. मी शेजारच्याच खोलीत राहायचो. आदल्या दिवशी त्याने गोळ्यांची डबी माझ्या हातात दिली. "कुणी आलंच तर गोळ्या दे. आणि म्हणावं, उद्या सूर्य उगवला की मी स्वतः येतो."

दुपारी सांगलीची टॅक्सी येऊन थांबली. निकम सुभेदार उतरला. सहा फूट, मिशा अशा की डाव्या टोकाला कावळा बसला तर उजवं टोक हलायचं नाही. आश्विनातल्या उन्हात लांब बाह्यांचा फौजी कोट, छातीवर पदकं. मागून बायको, हातात गुळाची ढेप.

"मास्तर हायेत का?"

"हायेत की."

"बोलवा. सुभेदार निकम आल्यात म्हनावं. कऱ्हाडकडनं."

मी दारापाशी गेलो. "हसाजी, लांबून मोठा माणूस आलाय रे." आतली प्रार्थनेची पुटपुट थांबली. मला वाटलं, कडी वाजणार. मग पुटपुट पुन्हा सुरू झाली.

आता बघा. मी जन्मभर थापा मारत आलेला माणूस. मी एका साहेबाला पटवलं होतं की जीप बंद पडली कारण इंजिनात नागीण व्याली. त्या दिवशी मात्र माझ्यातला हरिश्चंद्र जागा झाला. मी सुभेदाराला सरळ सांगून टाकलं, "आज त्यांचा दार लावून घ्यायचा सण आहे. आज ते बाहेरच्याला शिवत नाहीत. बोलतसुद्धा नाहीत. या गोळ्या रोज एक घ्या, उद्या सकाळी ते..."

पुढचं त्याने ऐकलंच नाही.

"शिवत न्हाईत?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "मला वाटलं हुतं, मानूस भाईर यील, हात धरील. ती धनगरीन तसंच सांगत हुती. आन् हितं दार लावून घेतलंय." कोटाची बाही त्याने खाली ओढली. "न शिवनारी मानसं काय आमच्या गावात कमी हायेत? त्येच्यासाठी जतची धूळ खात येऊ व्हय मी?"

"आवं, एका दिसाचा तर सवाल हाय," बायको म्हणाली. "सांगलीत ऱ्हाऊ. सकाळच्याला यिऊ."

"गप बस. माघारी फिरायची आडर झाली आपल्याला. चला."

बाई माझ्याकडे बघत होती. मी काहीतरी बोलावं म्हणून. हात लावून थांबवावं, चहा विचारावा, एखादी थाप मारावी. एवढं तोंड देवाने दिलंय मला, आणि ते त्या घडीला मिटून राहिलं. टॅक्सी वळली. डबी ओट्यावर होती तिथेच राहिली, शेजारी गुळाची ढेप.

दुसऱ्या दिवशी सकाळी हसाजी पांढऱ्या कपड्यांत बाहेर आला. उपासाने तोंड उतरलेलं, पण डोळे लखलखीत. भिकाऱ्यांना वाटायला पायलीभर ज्वारी काढून ठेवलेली. "काल कोण होतं?" मी सांगितलं. अक्षर न् अक्षर. तो ओट्यावर बसला तो बसलाच.

"तू त्याला खरं सांगितलंस?"

"खरंच होतं ना ते."

"बाबूराव, एवढ्या थापा मारल्यास जन्मात. काल एक मारता आली नाही? हसाजीला विंचू चावलाय म्हणायचंस." मग थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, "मी कडीला हात लावला होता. म्हटलं, चट्टा काय एका दिवसात वाढत नाही. उद्या भेटू."

त्याने सुभेदाराला शोधायला सुरुवात केली. कऱ्हाडच्या बाजूला निकम काय थोडे आहेत? आणि दर निकमाच्या घरात एक सुभेदार. चट्ट्याची चौकशी करणं म्हणजे त्या घराच्या सोयरिकी मोडणं, म्हणून उघड विचारायची सोय नाही. टॅक्सीवाला सापडला, पण त्याला गाव आठवेना. असं करत दोन वर्षं गेली. हसाजीने नामानाची गोष्ट सांगणं सोडून दिलं. गंजी आल्या, गंजीत लपलेले आले. तो आपला मुकाट कडबा उपसायचा.

आणि मग मायव्वा परत आली. सुभेदाराने त्याच दिवशी घरी जाऊन तिला हाकललं होतं. शरमेने ती जतला तोंड दाखवायला न येता मेढ्याच्या डोंगराकडे मेंढरांमागे फिरत राहिली होती. हसाजीसमोर बसून म्हणाली, "मास्तर, मी सांगून फशी पडले. तुमी दार का न्हाई उगडलं वो?"

हसाजीने माझी वही ओढून घेतली. गावाचं नाव विचारलं.

पहिल्या रविवारी मीही गेलो. सुभेदाराचा वाडा, बुलेट, ऊस, सगळं जागच्या जागी होतं. सुभेदार तेवढा नव्हता. मुलीचं लग्न ठरत होतं म्हणून त्याला मळ्यातल्या विहिरीवरच्या इंजिनाच्या खोलीत हलवला होता. जेवण बांधावर ठेवून बायको लांब उभी राहायची.

हसाजीने पत्र्याच्या दारावर थाप मारली.

"कोन हाय?"

"हसाजी. जतचा."

आतली कडी घट्ट सरकली. मग आवाज आला, "आज माझा सन हाय, मास्तर. दार लावायचा. उद्या या."

मला वाटलं हा आता परत फिरेल. तो तिथेच उंबऱ्याबाहेर मातीत बसला. उसाला पाणी चाललं होतं, त्याचा पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने भरला. दिवस कलला तेव्हा आठवड्याच्या गोळ्यांची पुडी फटीतून आत सरकवली आणि उठला. परतीच्या एस.टी.नं सांगलीला आलो. सांगलीच्या स्टँडवर चहाचा कप तसाच धरून म्हणाला, "कळलं मला बाबूराव. एलिशा बाहेर का आला नाही ते शोधत बसलो इतकी वर्षं. त्यात शोधण्यासारखं काही नाही. चुकला तो. नशीब त्याचं, की नामानाची माणसं चांगली होती. त्यांनी धन्याला वळवला, म्हणून नबीची चूक झाकली गेली. आणि आपण त्यातून धडे काढत बसलो."

मी कपात बघत राहिलो. नामानाची माणसं चांगली होती, हे वाक्य त्याने माझ्याकडे न बघता म्हटलं. एवढा तो सभ्य होता.

असे त्याने किती रविवार केले? लोकांना सांगताना मी सात सांगतो, गोष्टीला शोभतात म्हणून. खरे अकरा. जत ते सांगली, सांगली ते कऱ्हाड, पुढे पायी. संध्याकाळी तेच उलट. मुलगा इस्राएलात गेलेला, त्याची पत्रं येत होती, कागद तयार आहेत, निघा. हन्नावहिनी पेट्या भरायच्या आणि हा दर शनिवारी रात्री म्हणायचा, "एवढा एक रविवार."

अकराव्या रविवारी त्याने मला बरोबर नेलं. "मी गेल्यावर तुलाच यायचंय," म्हणाला. त्या दिवशी दार उघडं होतं. सुभेदार उंबऱ्यावर बसला होता. मिशा उतरल्या होत्या. उजव्या हाताची दोन बोटं आत वळून गेलेली, तिसरं त्याच वाटेवर. तळव्यावर बिडीचा चटका, न कळलेला, पिकलेला.

हसाजी त्याच्याशेजारी बसला, तो हात मांडीवर घेतला, धुतला, औषध लावलं. पीस नाही, टाचणी नाही. विचारायचं काही उरलं नव्हतं.

"बोटं सरळ हुत्याल?" सुभेदाराने विचारलं.

माझ्या तोंडात "हुत्याल की, सुभेदार! महिन्याभरात बंदूक धराल!" हे तयार होतं. यावेळी मी चुकणार नव्हतो. हसाजीने माझ्याकडे नुसतं बघितलं.

"नाही," तो म्हणाला. "त्या दिवशी मी दार उघडलं असतं तर झाली असती. आता नाही. गोळ्या घेतल्यास तर बाकीचा हात राहील, दुसरा हात राहील, डोळे राहतील."

सुभेदाराने तो हात मांडीवरून काढून घेतला. मग उठला, आतून हसाजीच्या आधीच्या दहा रविवारांच्या पुड्या घेऊन आला. चार फोडलेल्या होत्या. बाकीच्या तशाच.

"मंजे अगदीच काय गाढव न्हाई म्हना मी," तो म्हणाला.

"घरी घेतील का तुला?" हसाजीने विचारलं.

"न्हाई. पोरीचं लगीन झालं की दुसरीचं हाय."

लगीन म्हणताच मी वर बघितलं. वाड्याकडून सुभेदारीणबाई फडक्यात भाकरी घेऊन येत होत्या. बांधावर ठेवली, आम्हाला बघून पदर पुढे ओढला आणि होत्या तिथेच थांबल्या. मला सांगलीची शेवटची गाडी धरायची होती, दुसऱ्या दिवशी साहेब येणार होते. हसाजी म्हणाला, "तू हो पुढे, मी सकाळी येतो." तो परतायच्या आतच साहेबांनी मला सर्वेक्षणाला तिकोंडीकडे धाडलं आणि मी जतला परतलो तेव्हा त्याच्या घराला सरकारी कुलूप होतं. इस्राएलातून त्याचं एक पत्र आलं, त्यात सुभेदाराच्या गोळ्यांचा हिशोब विचारला होता, बाकी काही नाही.

म्हणून मला हसाजी आठवतो तो उसाच्या पाटावरून मागे वळून बघितला तेवढाच. बांधावरची भाकरी तो घेऊन आला होता. सुभेदाराला एका हाताने भाकरी मोडत नव्हती, तर हसाजी मोडून देत होता, घास घास एवढे तुकडे करून. एक तुकडा त्याच्या पुढ्यात, एक स्वतःच्या तोंडात, त्याच फडक्यातून. आणि बाई लांब उभ्या राहून बघत होत्या.